काशीत सोडलेली कॉफी

माधव गेला त्या दिवशी त्याने कॉफी सोडून दोन वर्षं झाली होती.

हे आधी सांगते, कारण वर्षभर भेटायला येणारे मला हळूच सांगून गेले, कॉफी नडली त्याला.

नाही नडली.

आज त्याचं वर्षश्राद्ध. जे झालं ते आज लिहायचंच, असं ठरवलं आहे.

माधव, माझा नवरा, बँकेत होता. माणूस अमरावतीचा, पण म्हैसूरच्या पोस्टिंगमध्ये कॉफी शिकला आणि ती घेऊन लखनौला आला. तिथल्या महानगर भागातल्या आमच्या गल्लीत सगळे चहाचे. हा दिवसातून सहा वेळा पातेल्यात पूड उकळायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची कॉफी अलगद ओतून घ्यायचा.

गाळणी वापरणं त्याला कमीपणाचं वाटायचं.

पन्नाशीच्या चेकअपमध्ये कोलेस्टेरॉल खूप वाढलेलं निघालं. त्याचे वडीलही ऐन पन्नाशीतच हृदयविकाराने गेले होते. ते ऐकल्यावर डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. अशी न गाळता उकळलेली कॉफी कोलेस्टेरॉलमध्ये भर घालते, म्हणाले. कागदी फिल्टरमधून गाळा, कप कमी करा. पण तुमचं मूळ दुखणं घराण्यातून आलेलं दिसतं, त्याला औषधच लागेल.

आम्ही उठलो तेव्हा पुन्हा म्हणाले, "कॉफ़ी की मुझे उतनी चिंता नहीं है. गोली मत छोड़िएगा."

घरी येईपर्यंत आम्ही दोघं फक्त कॉफीबद्दल बोलत होतो.

त्याच महिन्यात माझ्या नणंदेला, ताईंना, काशीला न्यायचं होतं. काशीला गेलं की खाण्यातली एक वस्तू कायमची सोडायची, ही आपली रीत. ताईंनी कारलं सोडलं. ते त्यांनी जन्मात खाल्लं नव्हतं. माधवच्या मनात दुधी होता.

मी घाटाच्या पायरीवरून म्हटलं, "दुधी कोणीही सोडेल. आवडतं ते सोडून दाखव."

तो गुडघाभर पाण्यात उभा होता. माझ्याकडे बघितलं.

"कॉफी सोडली."

ताई हसल्या. म्हणाल्या, चार दिवस टिकेल.

टिकली. परत आल्यावर पुडीचा डबा त्याने ऑफिसात देऊन टाकला. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, पण एक घोट घेतला नाही. गोळीही रोज घेत होता.

सहा महिन्यांनी रिपोर्ट नॉर्मल आला.

गोळीने आला होता. आम्ही श्रेय काशीला दिलं. होळीच्या दिवशी माधव गुजियाची, म्हणजे खव्याच्या करंज्यांची, थाळी बाजूला सारून शेजाऱ्यांना सांगत होता, "कुछ नहीं किया भाईसाहब, बस कॉफ़ी छोड़ दी."

मग त्याने गोळी बंद केली.

मला विचारलं होतं. "शुभा, एवढं मोठं सोडलं. आता गोळी कशाला?"

मी काहीच बोलले नाही.

हे वाक्य लिहायला मला वर्ष लागलं. घाटावरचा टोमणा माझा होता, रिपोर्ट चांगला आला होता, आणि मला स्वतःचाच अभिमान वाटत होता. डॉक्टरांचं शेवटचं वाक्य मीही ऐकलं होतं.

त्यानंतर त्याने रक्त तपासलं नाही.

गेल्या वर्षी आजच्याच तिथीला, सकाळी, तो घराजवळच्या कपूरथला बाजारात सब्जी घेत होता. ठेलेवाल्या भैयाने नंतर मला सांगितलं, "भाभीजी, साहब बोले, ज़रा बैठ जाता हूँ." पालकाची जुडी हातात होती. तसाच बसला.

पुन्हा उठला नाही.

आमची मुलगी इरा सव्वीस वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देते. तिनेही रक्त तपासून घ्यावं, असं माधव गेला तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं. वर्षभर ती टाळत राहिली. मी विषय काढला की म्हणायची, "मम्मी, घी छोड़ दिया, समोसा छोड़ दिया, अब और क्या छोड़ूँ?"

बापाचंच बोलणं.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी तिच्या ऑफिसच्या बॅगेवर हात ठेवला. म्हटलं, "सोडणं पुरे झालं. तू घाबरली आहेस. मीपण. पण आज मी गप्प बसणार नाही."

ती बराच वेळ बूट घालत राहिली. मग म्हणाली, "खाली पेट चलना है ना?"

रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेलं आलं.

तिने तो दोनदा वाचला. "पापा वाला ही है?"

"हो."

"तो गोली भी वही?"

"डॉक्टर देतील ती. आणि रोज."

ती रडली. मी रडले नाही. मला दुसऱ्या दिवशीची अपॉइंटमेंट घ्यायची होती.

तुमच्यापैकी कोणी साखर सोडली असेल, तूप सोडलं असेल. चांगलं केलंत. पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी सोडू नका. घरातलं कोणी सोडत असेल तर माझ्यासारखं गप्प बसू नका.

आज सकाळी अमरावतीहून ताईंचा फोन आला. पानावर काय काय वाढणार, विचारत होत्या. मी शेवटी कॉफी म्हटलं. काशीत सोडलेलं पानावर ठेवत नाहीत गं, म्हणाल्या.

मी म्हटलं, "ताई, सोडायला मी लावलं होतं. माझा शब्द मी परत घेते."

त्यांनी विचारलं, इरा गोळी घेते ना?

कागदी फिल्टर आणला होता. कॉफी थेंबथेंब उतरेपर्यंत मी ओट्याशी उभी राहिले. त्याला हा उशीर सहन झाला नसता.

कप पानाच्या उजवीकडे ठेवला आहे.

माधव, कॉफी घे. गाळलेली आहे, चालवून घे.

इराने आजची गोळी घेतली.