पोटावरच्या चौकटी

माझी भावजय व्हर्लीन टॅकेट बाजारात कलिंगडसुद्धा उलटं करून बघितल्याशिवाय घेत नाही. ही सवय सापांमुळे लागलेली. तिच्या मागच्या खोलीत कॉर्न स्नेक या बिनविषारी सापांचे खणच्या खण भरलेले असतात, आणि आमच्या साप पाळणाऱ्यांत साप ओळखायचा तर आधी उलटा करतात. पाठीवर सरळ पट्टे असतील तर पोट कोरं निघतं. साध्याच्या पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी असतात. पट्टेवाल्या नर-मादीची पिल्लं सगळी पट्टेवालीच. इथे कोणाची लबाडी चालत नाही, असं ती नेहमी म्हणायची.

माझा भाऊ हॉइट गेला आणि तिला माणसांचा भरवसाच वाटेनासा झाला. पोस्टमन पत्रं उघडतो, पाद्री मुद्दाम तिच्याकडे बघून प्रवचन देतो, असं काहीबाही. एकटा लमार ब्रँच तेवढा संशयातून सुटलेला. लमार शेजारचाच, हॉइटच्या बरोबरीने साप पाळलेला. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा खोली तिने त्याच्यावर सोपवली. पट्टेवाली मादी पट्टेवाल्या नरापाशी त्यानेच ठेवली.

पिल्लं निघाली. व्हर्लीनने एकेक उलटं केलं. निम्म्यांच्या पोटांवर चौकटी!

"साधा नर घुसवलाय," ती मला म्हणाली. "आपल्याकडे एकही नाही. लमारकडे आहेत."

"अगं, चुकून झालं असेल."

"मग बोलला का नाही? नक्की पाणी मुरतंय कुठेतरी."

शनिवारी सापांच्या मेळ्यात, हातात उकडलेल्या शेंगांची पुडी घेऊन, ती लमारच्या टेबलासमोर उभी राहिली. "काय रे, माझी मादी कोणापाशी ठेवलीस?"

"तू सांगितलंस त्याच्यापाशी."

"म्हणजे ही पोटं खोटं बोलतात?"

तिने आणलेलं पिल्लू लमारने उलटं करून बघितलं. त्याला उत्तर सापडेना, आणि लोकांनी तीच कबुली धरली. ज्याच्या सापांच्या वंशाची खात्री नाही, त्याच्या टेबलापाशी आमच्यात कोणी थांबत नाही. दोन-तीन मेळ्यांनंतर लमारने टेबल लावणं सोडलं. मला त्याचं फार वाईट वाटायचं, पण व्हर्लीनपुढे बोलायची माझी टाप नव्हती.

तिने खोलीला कुलूप ठोकलं आणि किल्ली गळ्यात घातली. पुढच्या वसंतात तर तिने मादीजवळ कोणताच नर जाऊ दिला नाही. मादीने तरीही अंडी घातली. पोकळ असणार म्हणून व्हर्लीन ती फेकायला निघाली होती. मी म्हटलं, राहू दे, बघू तरी. अंडी फुटली. पहिलंच पिल्लू तिने उलटं केलं, तर पोटावर चौकटी, आणि शेपटीपाशी एक तांबडी चौकट.

ती स्टुलावर बसली. "हॉइटचा नर," एवढंच म्हणाली.

मग मलाही आठवलं. हॉइट जायच्या आधीच्या वसंतात त्याने हीच मादी एका साध्या नराबरोबर ठेवली होती. त्याला कुंपणापाशी सापडला होता तो, आणि त्याच्या शेपटीपाशी अशीच तांबडी चौकट होती; लमारच्या एकाही सापाला ती नव्हती. अंडी आलीच नाहीत, पुढे नरही मेला, आणि आम्ही विसरून गेलो. मादी नराचं बीज अंगात कितीतरी काळ जपून ठेवते, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण चोर समोर दिसत असताना ते आठवणार कोणाला!

"लमारला बोल लावता आला असता," ती म्हणाली, "पण किल्ली माझ्याच गळ्यात आहे ना."

त्याच दुपारी आम्ही लमारकडे गेलो. "या, मिस व्हर्लीन," तो म्हणाला. "बसा." इतक्या वर्षांत त्याने तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

"कोणी आत गेलं नव्हतं, लमार. हॉइटच्याच जुन्या नराचं बीज मादीत राहिलेलं. चूक माझी. शनिवारी सगळ्यांसमोर सांगते." तिने पिल्लाचा डबा पुढे केला, आणि गळ्यातली किल्ली काढून त्यावर ठेवली. "खोली पुन्हा तू बघ."

लमारने पिल्लू उलटं केलं. चौकटींवरून अंगठा फिरवताना त्याचे डोळे भरून आले.

"हे ठेवतो. हॉइटचं आहे म्हणून," तो म्हणाला. "किल्ली मात्र घेऊन जा. ती माझ्याकडे असली, की पुढच्या वेळचा चोरही मीच."

ती वाद घालेल असं मला वाटलं होतं. तिने किल्ली उचलली, पुन्हा गळ्यात घातली, आणि गाडीत बसल्यावर ढसाढसा रडली.