डिनिस आव्हिलाचा शब्द

सामन्याच्या दिवशी सकाळी मैदानावर पांढऱ्या रेषा आखायचं काम लॉस ओल्मोसच्या कॉलेजात मुख्य कोचच करतो. माळी आहे, पण तो बेसबॉलच्या मैदानाचा. फुटबॉलचं मैदान पार मागच्या टोकाला, बदामाच्या बागेच्या कुंपणाला टेकलेलं. तिथवर कुणी सहज म्हणून जात नाही. डिनिस आव्हिला पंचवीसेक वर्षं चुन्याची ढकलगाडी तिथे फिरवतो आहे. जर्सी तोच धुतो, बाहेरगावच्या सामन्यांना व्हॅन तोच हाकतो, आणि सकाळी नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना आरोग्याचा तास घेतो. त्या तासाला बसलेल्या निम्म्यांना हा कशाचा तरी कोच आहे हेही ठाऊक नसतं.

त्याचे आईवडील असोरेस बेटांवरून आलेले, जन्मभर दुसऱ्याच्या गाई दोहलेले. डिनिस याच कॉलेजात दोन वर्षं खेळला, पुढे विद्यापीठात गेला, तिथे गुडघा गेला आणि तो परत आला. दोन वर्षांचं कॉलेज. पोरं अठराव्या वर्षी येतात, विसाव्या वर्षी जातात. चांगली असतात ती विद्यापीठांच्या संघांत जातात, बाकीची डेअरीवर, टोमॅटोच्या कारखान्यात, मेव्हण्याच्या ट्रकवर. पोरगा जरा कुठे बोलता होतो, त्याला कोचची चेष्टा कळायला लागते, तो उलट चेष्टा करायला लागतो, आणि वर्ष संपतं. पुढे त्याच्या लग्नाचं आमंत्रण येतं. नवऱ्यामुलाशेजारी एकसारखे सूट घालून विद्यापीठातले मित्र उभे असतात आणि डिनिसची खुर्ची असते मुलीकडच्या आत्यांच्या टेबलावर. आत्या विचारतात, "तुम्ही कोण मुलाचे?" तो सांगतो, "शिक्षक."

बायको डेल्फिना ऑरेगनला लेकीकडे गेली ती तिकडेच राहिली. भांडण असं झालं नाही. जाताना ती एवढंच म्हणाली होती, "तुझ्याकडे दर दोन वर्षांनी नवी माणसं येतात, डिनिस. मी आपली तीच."

त्याच्याजवळ एक गोष्ट मात्र होती, जी आसपासच्या कुठल्याच कोचकडे नव्हती. त्याचा शब्द चालायचा. हंगाम संपत आला की विद्यापीठांचे कोच फोन करायचे, आणि डिनिस आधी पोराची खोट सांगायचा, मग गुण. "हेडर मारताना डोळे मिटतो. बाकी सोनं आहे." समोरचा हसायचा आणि सोनं घेऊन जायचा. पोराच्या खेळाची चित्रफीत कुणी मागत नसे. समुद्रकाठच्या विद्यापीठाचा ग्रेडी होल्ट तर म्हणायचा, "तुझं तोंड पाहिलं की मला मैदान पाहायची गरज नाही."

या शब्दाची किंमत रिगो माल्दोनादोने मोजली होती. रिगो मध्यफळीत खेळायचा. पायात कला होती, पण दुसऱ्या हाफमध्ये दम तुटायचा. होल्टने विचारलं तेव्हा डिनिसने हेच सांगितलं. होल्टने दुसरा मुलगा नेला. रिगोचं आता हायवेच्या कडेला टायरचं दुकान आहे. गावात टायरचं बरं दुकान ते एकच, त्यामुळे डिनिसला वर्षातून दोनदा तिथे जावंच लागतं. रिगो "या कोच" म्हणतो, चाक काढतो, बसवतो, आणि एवढ्या वेळात एकदाही वर बघत नाही.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी संघात एलिसेओ बाराहास नावाचा गोलकीपर होता. लांब हातांचा, कमी बोलणारा. बाप डेअरीवर दुपारच्या पाळीला, त्यामुळे पोराचा खेळ त्याने कधी पाहिलेला नाही. सरावानंतर बाकीची पोरं मोटारी उडवत निघून जायची आणि एलिसेओ मागे राहून कोचबरोबर चेंडू जाळ्यात भरायचा. त्या पंधरा-वीस मिनिटांत दोघं फारसं बोलत नसत. डिनिसच्या दिवसात तेवढीच सोबत.

डिनिसचा संघात एक नियम होता. गोल खाल्ला की ज्याने तोंड उघडायचं त्याने पहिला शब्द 'मी' म्हणायचा. मी जागा सोडली, मी पोचलो नाही. पंच, ऊन, वारा, ही नावं नंतर. नवी पोरं या नियमाची टिंगल करत. कॅन्टीनमध्ये कुणाचा सोडा सांडला की सगळं टेबल ओरडायचं, "मी! मी! मी!"

हंगामाचा शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता आणि होल्ट एलिसेओला पाहायला तीन तास गाडी हाकून आला होता. त्याला गोलकीपर हवा होता, शिष्यवृत्तीची जागा एकच होती, आणि यादीत आणखी एक नाव होतं. तो लाकडी बाकांवर सगळ्यात वर जाऊन बसला. पहिल्या हाफमध्ये एलिसेओने दोन अवघड चेंडू अडवले. हाफटाइमला डिनिसने वर पाहिलं तेव्हा होल्टने खुशीत अंगठा वर केला.

मग सूर्य कलला आणि बागेतून धुकं निघालं. आमच्या खोऱ्यातलं धुकं वरून येत नाही, जमिनीतून उठतं. मैदानाच्या मध्यातून दोन्ही गोल दिसताहेत तोवर पंच खेळ चालू ठेवतो. पंचाला ते जेमतेम दिसत होते. बाकांवरून काहीच दिसत नव्हतं. गोलामागे कुंपण, तिथे उभं राहायला जागा नाही. डिनिस नेहमीच्या जागी उभा राहून आवाजांवर संघ चालवत होता. चेंडूवर बूट बसल्याचा आवाज, बचावातल्या हरजोत धालीवालची हाळी, मग एलिसेओचा "माझा!" असा पुकारा. त्यानंतर बुटांचा आवाज आलाच नाही. चेंडूचा जमिनीवर एकदा टप्पा पडल्याचं ऐकू आलं, आणि मग समोरच्या पोरांचा जल्लोष. तेवढाच गोल झाला. संघ एक-शून्यने हरला, हंगाम संपला.

धुक्यातून आधी हरजोत आला. लांबूनच मोठ्याने म्हणाला, "मी पाय घातला, कोच! माझ्या नडगीला लागून चेंडू वळला. एलिची काही चूक नाही!"

त्याच्या मागून एलिसेओ आला. हातमोजे काढून बगलेत धरलेले. "मी लवकर बाहेर आलो," तो म्हणाला. "चेंडू डोक्यावरून गेला."

"अरे गाढवा, लागला ना माझ्या पायाला!"

"हरजोत, तू दहा पावलं लांब होतास."

"तू गप रे. वर तो पाहुणा बसलाय, कळतंय का काही?"

डिनिस म्हणाला, "चला, आवरा. थंडी वाजेल."

होल्ट मोटारींच्या तळावर त्याची वाट पाहत उभा होता. कॉलर वर केलेली, हात खिशात. "तीन तास गाडी हाकली आणि दुसरा हाफ ऐकून परत चाललो," तो म्हणाला. "पोरगा आवडला मला. तो गोल कसा बसला तेवढं सांग. दुसरा जो मुलगा आहे ना, तो उंच चेंडूला लवकर बाहेर येतो. मला ते चालत नाही."

डिनिसला उत्तर द्यायला फार वेळ लागला नाही. नंतर कितीतरी दिवस त्याला याचंच नवल वाटत राहिलं. त्याच्या डोळ्यांपुढे त्या घटकेला ना एलिसेओ होता, ना होल्ट. होतं ते टायरचं दुकान, आणि खाली घातलेली रिगोची मान.

"बचावपटूच्या पायाला लागून वळला," तो म्हणाला. "कुणालाच अडवता आला नसता."

"बरं," होल्ट म्हणाला. "मग झालं."

"नाही, कोच."

चेंडूंचं जाळं खांद्यावर टाकून एलिसेओ व्हॅनपाशी आला होता. धुक्यात तो कधी आला ते दोघांनाही कळलं नव्हतं. "मी लवकर बाहेर आलो," तो होल्टला म्हणाला. "पायाला वगैरे नाही लागला. यांना मी मघाशीच सांगितलं." आणि आपण काय बोलून बसलो हे ध्यानात आल्यावर घाईने म्हणाला, "म्हणजे, धुकं होतं. यांना दिसलं नसेल."

होल्टने पोराकडे पाहिलं, मग डिनिसकडे.

"असा आधीही आलायस लवकर?"

"या वर्षी आणखी दोनदा."

"पाय चुकीचा टाकतोस की अंदाज चुकतो?"

"अंदाज. दिव्यांखाली जास्त."

"ते शिकवता येतं," होल्ट म्हणाला. "मार्कांचे कागद सोमवारी पाठव. माझ्याकडे पाठव, ऑफिसात नको." मग एलिसेओ जाळं व्हॅनमध्ये ठेवायला वळला तेव्हा तो हलक्या आवाजात म्हणाला, "पोरगा मी नेतो, डिनिस. असा पोरगा तयार केलास."

होल्टने खिशातून किल्ल्या काढल्या.

"पण तू मला असं कधी सांगितलं नव्हतंस."

"आज सांगितलं," डिनिस म्हणाला.

होल्टने किल्ल्या धरलेला हात जरासा वर केला आणि तो गाडीत बसला. लाल दिवे चार हातांवर जाऊन विझल्यासारखे झाले.

एलिसेओला घरी सोडायला डिनिसच गेला. धुक्यात आमच्याकडे चौकात रेडिओ बंद करतात, काच खाली करतात आणि समोरून काही येतंय का ते कान देऊन ऐकतात, मगच गाडी पुढे घालतात. तीन चौकांत ते दोघं तसे ऐकत बसले. तिसऱ्या चौकात पोरगा म्हणाला, "कोच, मी तुमचं नाक कापलं का?"

"गोल कुणाचा होता?"

"माझा."

"मग संपलं."

त्याचं घर डेअरीच्या आवारातच; तिथल्या फाटकापाशी एलिसेओ उतरला. दार लावता लावता वाकून म्हणाला, "तुम्ही तसं का म्हणालात पण?"

"जा, जेव जा," डिनिस म्हणाला. "आई वाट बघत असेल."

पुढच्या ऑगस्टमध्ये एलिसेओ समुद्रकाठी गेला. नव्या जर्सीतला एक फोटो पाठवला. मग नाताळला दोन ओळी. मग काही नाही, आणि त्यात वावगं काही नव्हतं. कुणीच पाठवत नाही.

त्या वर्षी संघात एक चांगला पोरगा होता. उजव्या बाजूने खेळायचा, वाऱ्यासारखा पळायचा. नोव्हेंबर आला तरी फोन वाजेना. शेवटी डिनिसने आपणहून होल्टला केला. होल्ट प्रेमाने बोलला. गुडघा कसा आहे विचारलं, एलिसेओ उंच चेंडूला आता थांबायला शिकलाय हेही सांगितलं. मग म्हणाला, "त्या पोराची चित्रफीत पाठव. आम्ही बघू." इतक्या वर्षांत होल्टने त्याच्याकडे चित्रफीत मागितली नव्हती. आणखी दोघांना फोन केला. दोघांनीही तेच म्हटलं, जवळपास त्याच शब्दांत. कोच लोकांच्या धंद्यात गोष्टी तोंडी पसरतात, आणि पसरल्या हे कुणी सांगत नाही.

हिवाळ्याचे टायर बघायला तो रिगोकडे गेला. रिगोने चाक काढलं. मग मान खालीच ठेवून म्हणाला, "ऐकलं मी. त्या गोलकीपरसाठी थाप मारलीत म्हणे."

"कोण म्हणालं?"

"हरजोत. ट्रकचे टायर इथेच बदलतो तो." रिगोने नट फिरवला. "माझ्या वेळी नाही मारलीत."

"दुसऱ्या हाफमध्ये तुझा दम तुटायचा, रिगो."

"अजून तुटतो. दुपारनंतर या, बघायला मिळेल." तो हसला नाही. "पण मारायला काय जात होतं, कोच?"

"तेव्हा मलाही नक्की माहीत नव्हतं काय जातं ते. आता कळलं."

रिगोने पहिल्यांदा वर पाहिलं. "काय गेलं?"

"फोन येत नाहीत. यंदाच्या पोराची चित्रफीत मागतात. चित्रण करायला मला साधा फोन सरळ धरता येत नाही, आणि धरला तर संघाला ओरडायचं कुणी?" डिनिस जरा थांबला. "मंगळवारी सामना आहे. तुला वेळ असेल तर..."

"नाही," रिगो म्हणाला. "त्या मैदानावर मी पाय ठेवायचा नाही." तो उठला, आत गेला आणि फोन अडकवायचा एक लोखंडी चिमटा घेऊन आला. दुकानातलाच, कडांना ग्रीस लागलेला. "हा बाकांच्या कठड्याला घट्ट आवळा. हलत नाही. परत आणून द्यायची गरज नाही."

मंगळवारी डिनिसने सकाळी रेषा आखल्या, दुपारी फोन कठड्याला आवळला आणि सामना खेळवला. संध्याकाळी घरी तव्यावर लिंग्विसा सॉसेजचे तुकडे परतायला टाकून त्याने चित्रण लावलं. पोरगा दिसत होता. दुरून का होईना, त्याचा पळ लपत नव्हता. पण फोन लावलेला कठडा डिनिसच्या डोक्यावरच होता, त्यामुळे सगळ्या सामन्यावर आवाज एकच होता, त्याचा स्वतःचा. नावं. एकामागून एक नावं, नव्वद मिनिटं. कुणी उलटून ओ दिली असेल तर ती तिथवर पोचलेली नव्हती. मध्येच एक नाव तो चुकला होता. गेल्या वर्षी गेलेल्या कुणाला तरी हाक मारली होती.

त्याने गॅस बारीक केला. चित्रफीत होल्टला पाठवली, आणि खाली, कुणी विचारलेलं नसताना, एक ओळ लिहिली: "डावा पाय कच्चा आहे. बाकी पोरगा सोनं आहे."

मग ताट वाढून घेतलं, फोन समोर उपडा ठेवला आणि जेवायला बसला.