स्वीप येईपर्यंत

"मॅडम सामानाच्या गाडीत बसतील," असं आमचा गाइड माझ्या देखत, पण माझ्या नवऱ्याला सांगत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टांझानियात, हत्ती-जिराफांच्या मुलखातून आम्ही काही जण गाइडच्या मागे मोटरसायकलींवर जाणार होतो आणि नाव मी नोंदवलं होतं, नवऱ्याने नव्हे. हे नुसते मला इथे ओमानमध्ये, गाला भागातल्या गॅरेजवर सोडायला आले होते.

कारण काय, तर गॅरेजच्या आवारात बाइक वळवताना मी आडवी झाले. झाले तर झाले! सोहारच्या कारखान्यात शिड्या चढण्यात माझी अर्धी हयात गेली. पन्नाशी उलटली म्हणून कुणी मला तंबूंच्या गाठोड्यांशेजारी कोंबणार असेल, तर मी ऐकून घेणारी बाई नाही. तसं मी गाइडला तोंडावर सांगितलं. तो ओमानी, आई झांझिबारची, त्यामुळे आफ्रिका म्हणजे त्याचं आजोळच. शांत माणूस. म्हणाला, "शुक्रवारी बिदियाच्या वाळूत सराव आहे. तिथे ठरवू, इन्शाल्ला."

सरावाला सामानाची गाडी मी चालवतो, असं ह्यांनी लगेच जाहीर केलं. "म्हणजे तू दमलीस की पटकन बसता येईल." मुलगा त्याच्या अडखळत्या मराठीत म्हणाला, "आई, कारमधून पण एलिफंट सेमच दिसतो ना?" दिसतो रे बाबा, पण मला तो बाइकवरून बघायचाय.

गाइडचा नियम सोपा होता. वाट फुटली की त्याच्या लगेच मागे असलेल्याने तिथेच थांबायचं आणि मागच्यांना हाताने दिशा दाखवायची. सगळ्यांच्या शेवटी स्वीप, म्हणजे गाइडचा धाकटा भाऊ. तो येईपर्यंत जागा सोडायची नाही.

शुक्रवारी वाळूत मी पुन्हा पडले. आमच्यात पुण्याचे एक गृहस्थ होते, सगळ्यात महागडी बाइक त्यांची. म्हणाले, "कशाला हट्ट करताय? हे काय वय आहे?" स्वतः माझ्याहून मोठे असतील. मी म्हटलं, बाइक उचलायला हात लावा.

पुढे वाट फुटली तिथे गाइडने त्यांना उभं केलं. त्यांच्या मागची मी, त्यामुळे पुढच्या फाट्यावर मला. "डावीकडे पाठव," म्हणाला आणि गेला. एकेक जण आला, मी डावीकडे पाठवत राहिले. मग बऱ्याच वेळाने हे गृहस्थ आले, एकटेच.

"स्वीप कुठाय?" मी विचारलं.

"येत असेल. किती वेळ उन्हात उभं राहायचं? चला तुम्हीपण."

"मी थांबते."

"अहो, इथे बघतंय कोण?"

"कुणी बघो न बघो. तुम्ही व्हा पुढे." आणि ते खरंच गेले.

मग नुसती वाळू आणि लांबवर एक सांडणी. फोनला रेंज नाही. भीती वाटत होती, कशाला खोटं बोलू? बाइक आडवी झाली असती तर ती एकटीला उचलता आली नसती. तेवढ्यात पुढून सामानाची गाडी आली.

"बस गाडीत," हे म्हणाले. "तोंड बघ कसं झालंय. बाइक मागे टाकतो."

"गाइडने सांगितलंय?"

"नाही. तो म्हणाला, पाणी देऊन ये. गाडीत बस, असं मी म्हणतोय."

"अहो, आज या गाडीत बसले, तर आफ्रिकेतही यातच बसेन. आणि मागच्यांना वाट कोण दाखवणार?"

ह्यांनी इंजिन बंद केलं. मग खाली उतरले आणि माझ्या शेजारी उन्हात उभे राहिले. बऱ्याच वेळाने धूळ दिसली. स्वीप होता, सोबत एक पंक्चर झालेला स्वार. त्याचं चाक दुरुस्त करून ते आधीच्या फाट्यावर आले तर तिथे कुणीच नव्हतं. चुकीच्या वाटेने भटकून, पेट्रोल संपत आलेलं असताना परत फिरले होते. मी डावा हात लांब केला. दोघांनी हॉर्न वाजवला.

मुक्कामावर भावाकडून सगळं ऐकल्यावर गाइड गृहस्थांकडे वळला. गृहस्थ लगेच म्हणाले, "पण मी एकदाही पडलो नाही."

"पडलेल्याला मी उचलतो," गाइड म्हणाला. "हत्तींच्या वाटेवर माणूस हरवला तर तो कुठून आणू? खलास, ठरलं. मॅडम बाइकवर." गृहस्थ ताटातला भात चिवडत बसले.

ह्यांनी घसा खाकरला. "मग ती सामानाच्या गाडीतली जागा मला मिळेल का?"

उन्हाने त्यांचं नाक लालभडक झालं होतं.

"या," मी म्हटलं. "पण मी पडले की उतरून बाइक उचलायला यायचं. गाडीत बस म्हणायचं नाही."