कॅरलची दोन सरकारं

सरकारी ऑफिसात फायली साठतात असं सगळ्यांना वाटतं. आमच्या फायली कधीच कॉम्प्युटरवर गेल्या. साठतात ते किस्से. वेम्बलीला भाजी घेताना ओळखीचं कोणी भेटलं, तरी मेथीची जुडी हातात धरून विचारतात, "तुझ्या ऑफिसचं काय नवीन?"

मी लंडनमध्ये क्रॉयडनला एका सरकारी खात्यात चौदा वर्षं काम करतेय. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे म्हणून मला इथे अर्ज करता आला. त्या कॉमनवेल्थचा आयुष्यात मला झालेला हा एकमेव उपयोग. पण ऐकण्यासारखे किस्से सुरू झाले ते कॅरल आल्यावर.

कॅरल अमेरिकेत वाढलेली. वॉशिंग्टनला तिने बावीस वर्षं केंद्र सरकारची नोकरी केली. आई इंग्लिश, त्यामुळे पासपोर्ट इथलाही होता. आई थकली, म्हणून तिच्याजवळ राहायला आली आणि आमच्याकडे अर्ज टाकला.

आमच्याकडे अर्जावरचं नाव, वय, कॉलेज, आधीच्या ऑफिसचं नाव, सगळं झाकून मग तो पॅनेलला देतात. पॅनेलवर मी आणि आमचा बॉस ग्रॅहम. अर्जातलं पहिलंच वाक्य होतं, "मी चार प्रेसिडेंट्सच्या हाताखाली काम केलं आणि दर वेळी वर आलेल्या नव्या लोकांना काम शिकवलं."

ग्रॅहमने ते दोनदा वाचलं. "टेनिस क्लब असणार," तो म्हणाला. "चार प्रेसिडेंट बदलले म्हणजे फार भांडकुदळ क्लब दिसतोय. पण ही व्यक्ती टिकली. बोलावू या."

*

पहिल्या दिवशी कॅरल ग्रॅहमच्या केबिनमध्ये गेली, ताठ उभी राहिली आणि उजवा हात वर केला.

ग्रॅहम म्हणाला, "हं कॅरल, विचार ना. काय प्रश्न आहे?"

तिला शपथ घ्यायची होती. तिकडे साध्या क्लार्कलासुद्धा पहिल्या दिवशी हात वर करून राज्यघटनेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागते. ग्रॅहम जरा ओशाळला. "इथे पहिल्या दिवशी फक्त पास आणि लॅपटॉप मिळतो," तो म्हणाला. "आणि आमची घटना अशी एका जागी लिहिलेली नाहीये. त्यामुळे शपथ नेमकी कशाची, ते मला वर विचारावं लागेल."

त्याने खरंच वर ईमेल पाठवला. उत्तर अजून आलेलं नाही.

*

दोन महिन्यांनी आमचे मंत्री बदलले. इथे मंत्री बदलले की आम्ही वेबसाइटवरचा फोटो बदलतो आणि चहा प्यायला जातो. कॅरलला हे कोणी सांगितलंच नव्हतं. तिकडे प्रेसिडेंट बदलला की खात्याचे वरचे मजले रिकामे होतात. तिथली माणसं नव्या प्रेसिडेंटने नेमायची असतात. खालचे कॅरलसारखे लोक तेच राहतात आणि वरच्यांना निरोप देतात.

तिने मुकाट्याने एक मोठं कार्ड आणलं आणि ते सगळ्या मजल्यावर फिरवलं. आम्हाला वाटलं, कोणाचा तरी वाढदिवस असेल. न वाचता तीस जणांनी सह्या ठोकल्या. मीही केली, शेजारी फूल काढून.

संध्याकाळी आमच्या डायरेक्टर बाई ते कार्ड हातात घेऊन खाली आल्या. चेहरा पांढराफटक. आत लिहिलं होतं, "तुमची फार आठवण येईल."

"ग्रॅहम," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला कोणी काही सांगायचं राहिलंय का?"

*

एकदा लंचला कॅरल शटडाउनचं सांगत होती. तिकडे संसदेत बजेट अडकलं की सरकारी ऑफिसं बंद होतात. अगदी अत्यावश्यक तेवढे लोक कामावर राहतात, बाकीच्यांना घरी पाठवतात.

"घरून काम करायचं मग," ग्रॅहम म्हणाला.

"छे. कायद्याने बंदी असते. ऑफिसचा फोन उघडून ईमेलसुद्धा बघायचा नाही."

ग्रॅहमच्या इनबॉक्समध्ये त्या दिवशी चारशे न वाचलेले ईमेल होते. त्याने सँडविच खाली ठेवलं. खिडकीबाहेर जाणारी ट्रॅम बघितली, आणि मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "आपल्याकडे यासाठी कुठे अर्ज करायचा?"

*

उन्हाळ्यात माझे सासरे आले होते. अप्पा मुंबईत राज्य सरकारच्या नोकरीतून कक्ष अधिकारी म्हणून रिटायर झालेले. कॅरलला मी घरी थालीपीठ खायला बोलावलं, तर दोघांची अशी काही गट्टी जमली की मला मध्ये बोलायला जागाच मिळेना.

अप्पांनी विचारलं, "तुमच्याकडे खात्यांवर लक्ष कोण ठेवतं?"

कॅरलने पेपर नॅपकिन घेतला आणि चौकोन काढायला सुरुवात केली. प्रत्येक मोठ्या खात्यात एक महानिरीक्षक. संसदेची स्वतःची वेगळी तपासणी कचेरी. संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या समित्या, त्यांच्या उपसमित्या. मग कोर्टं. मग पेपरवाले. नॅपकिन भरला तेव्हा तिने दुसरा घेतला.

अप्पांनी चष्मा पुसून दोन्ही नॅपकिन नीट पाहिले.

"फारच पक्की व्यवस्था आहे," ते म्हणाले. "आणि यात काम कोण करतं?"

कॅरलने पहिल्या नॅपकिनच्या कोपऱ्यात एक बारीकसा ठिपका काढला. "ही मी," ती म्हणाली.

*

कॅरलची तिकडची जुनी मैत्रीण डेनिस. तीस वर्षं एकाच खात्यात. माणसं नोकरीवर घेण्याचे कागद तपासायचे आणि बरोबर असतील तर शेवटची सही करायची, हे तिचं काम. मागे तिकडे नोकरकपात झाली, त्यात एका सकाळी डेनिसलाही पत्र आलं. दुपारी पास बंद, संध्याकाळी सामानाचा खोका घेऊन घरी. कॅरल दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जिन्यात उभी राहून तासभर तिच्याशी फोनवर बोलत होती. वर आली तेव्हा डोळे लाल होते. ग्रॅहमने काही न विचारता तिच्यापुढे चहा ठेवला आणि तिचं दुपारचं काम स्वतःकडे घेतलं.

पाच आठवड्यांनी डेनिसला तिच्या खात्यातून फोन आला. कोणी नवा अधिकारी होता, फार अदबीने बोलत होता. "मॅडम, तुमचं नाव यादीत चुकून गेलं. तुमच्यावाचून इथे सगळं अडलंय. सोमवारी परत येऊ शकाल का?"

"येईन की. ऑर्डर पाठवा," डेनिस म्हणाली.

"ऑर्डर तयार आहे. फक्त एक शेवटची सही राहिलीय."

"कोणाची?"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"मॅडम, इथे तुमचंच नाव आहे."

डेनिसने फोन किचनच्या टेबलावर ठेवला. कॉफीचा मग भरला, खुर्ची ओढून बसली, एक घोट घेतला आणि मग फोन उचलून म्हणाली, "फाइल पाठवून द्या. नियमाप्रमाणे दहा दिवस लागतील."