शेजाऱ्यांचं आडनाव

ज्यांच्या गाडीवर मी गाडी शिकत होतो, त्यांच्याच पणजोबांना मी एका मिनिटात इंग्लंडला पाठवून दिलं.

नव्वदच्या दशकात अमेरिकेतलं हर्नडन, आमचं तिथलं पहिलं वर्ष. मला गाडी येत नव्हती, आणि तिथं गाडी न येणारा माणूस म्हणजे दाराशी ठेवलेलं सामान, कोणीतरी उचलून नेईपर्यंत तिथंच. खालच्या मजल्यावर एक वयस्कर कृष्णवर्णीय गृहस्थ राहत, निवृत्त बसड्रायव्हर. मी ऑफिसातून तंगडतोड करत येतो हे पाहून ते आपण होऊन म्हणाले, शनिवारी ये, शिकवतो.

त्याच सुमारास लायब्ररीनं काढून टाकलेल्या पुस्तकांत मला इंग्रजी नावांचे अर्थ सांगणारं एक पुस्तक मिळालं. ते मी जवळजवळ पाठच केलं. ऑफिसात कोणाला सांगायचो, तुम्ही मूळचे लोहार. कोणाला, तुमची पिठाची चक्की होती. लोक खूश होत. आडनावावरून माणूस कुठला, कोणातला हे ताडायची आपली खोड. मला वाटलं, ती इथं कोणाला बोचत नाही.

तर एका शनिवारी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये गाडी मागे घेता घेता मी त्यांना म्हणालो, तुमचं आडनाव म्हणजे गाड्या बनवणारा सुतार. तुमचे पूर्वज इंग्लंडात तेच करत असणार.

त्यांनी हात पुढे करून इंजिन बंद केलं.

"ते नाव मालकाचं होतं," ते म्हणाले. "माझ्या पणजोबांना ज्यानं विकत घेतलं, त्याचं."

मग आज एवढं पुरे म्हणाले. परतताना गाडी त्यांनीच चालवली.

आठवडाभर मी जिन्यात त्यांची चाहूल घेत होतो. लायसन्स गेलं खड्ड्यात. त्या गावात आपुलकीनं हाक मारणारा तोच एक माणूस होता आणि त्याला मी दुखावलं होतं. तेही कोणी? कोणी आडनाव विचारलं की जो विषय बदलायचा, त्यानं.

पुढच्या शनिवारी त्यांचं दार वाजवलं. माफी मागितली आणि त्यांना आमचंही सांगितलं. आमच्याकडे आडनाव विचारायचे ते किती लांब उभं राहायचं हे कळावं म्हणून. माझ्या वडिलांना शाळेत घालताना मास्तरांनी गावाच्या नावाला 'कर' जोडून दिला, तेच आमचं आडनाव.

"म्हणजे त्या गावाचे तुम्ही," ते म्हणाले. "गावाला तुम्ही हवे होतात?"

"नाही. आम्हाला विहिरीला हात लावायला बंदी होती. ओंजळ धरायची, ते वरून पाणी ओतायचे."

त्यांनी मग खुंटीवरची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "चल, यंग मॅन. तुझं मागे घेणं अजून भयंकर आहे."

महिन्याभरात मला लायसन्स मिळालं. आजही गाडी मागे घेताना आधी मान वळवून पाहतो, तेव्हा मनात त्यांना नमस्कार होतो.

माफी मागितली त्या शनिवारी घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्यांचं आडनाव सांगायला तुम्हाला एक मिनिट लागलं, आपलं सांगायला आठ दिवस. आता खाली जा आणि त्यांना जेवायला बोलवा. पुस्तक इथंच ठेवा."