बिअरवरचा कर आणि हूबरबाई

पाच आठवडे झाले हूबरबाईंना जाऊन. फ्रँकफुर्टच्या ऑफिसात फोन आला, पलीकडे त्यांच्या नवऱ्याचा जाडाभरडा आवाज. मला ते अजून 'हेर', म्हणजे श्रीयुत, जोशीच म्हणतात. "हेर जोशी, रोझा गेली... गाडी आली, पण उशिरा आली." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? हिला मी मारलं. असं मनाला लावून घेऊ नये म्हणतात लोक. ऐका आणि तुम्हीच ठरवा.

पंचावन्न-छप्पन्नचा सुमार. रेगेन्सबर्गच्या एका कारखान्यात मी उमेदवारी करत होतो आणि जवळच्या खेड्यात हूबर यांच्या गास्टहाउसमध्ये राहत होतो. खाली बिअर आणि जेवण, माडीवर भाड्याच्या दोन खोल्या. परदेशी, त्यात शाकाहारी. शहरात मला कुणी दारात उभं करेना. बाईंनी मात्र एवढंच विचारलं, "मांस नाही, तर मग खाता तरी काय?" आणि दुसऱ्या दिवसापासून माझे बटाट्याचे गोळे वेगळ्या पातेल्यात शिजू लागले. चुकून चरबीचा चमचा त्यात जाऊ नये म्हणून माझ्या चमच्याला त्यांनी लाल दोरा बांधला होता. आहे की नाही कमाल!

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी माझं अपेंडिक्स फुटलं. गावात ना डॉक्टर, ना नर्स. अँब्युलन्स जिल्ह्याच्या गावाहून यायची, ती दुसरीकडे गेलेली. बाईंनी दुधाचा ट्रक अडवला, कॅनच्या मधे गादी टाकली आणि स्वतः शेजारी बसल्या. इस्पितळ येईपर्यंत माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. आणखी अर्धा तास लागता तर खेळ आटोपला होता, असं डॉक्टर म्हणाले.

पुढच्या वसंतात गावापुढे प्रस्ताव आला. बिअरच्या प्रत्येक ग्लासावर थोडासा कर बसवायचा आणि त्यातून आसपासच्या खेड्यांसाठी एक अँब्युलन्स आणि एक नर्स ठेवायची. हूबर खवळले. "माझ्या गिऱ्हाइकाच्या ग्लासात यांचा हात कशाला?" सभेच्या आदल्या दिवशी बाई माझ्या खोलीत आल्या, दार लोटून घेतलं.

"उद्या तुम्ही बोला. नुसतं ट्रकचं सांगा. तुम्हाला मताचा हक्क नाही, पण तुमचं ऐकतील."

"तुम्हीच का नाही बोलत?"

"त्याच्या गिऱ्हाइकांसमोर त्याला खोटं पाडू? आणि... माझं हृदय ठीक नाही, हेर जोशी. त्याला ठाऊक नाही."

मी हो म्हणालो.

रविवारी चर्चनंतर गास्टहाउसमध्येच सभा भरली. हूबर तावातावाने बोलले. मग सरपंचांनी विचारलं, "आणखी कुणाला काही सांगायचंय?" बाई काउंटरमागे ग्लास पुसत माझ्याकडे बघत होत्या. आणि मी? मी पुण्याचा सुसंस्कृत बावळट! ज्याच्या घरात राहतो, ज्याचं मीठ खातो, त्या यजमानाला चारचौघांत तोंडघशी कसं पाडायचं? ते मीठ रोज कोण घालत होतं, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. हात वर झाले, चार हात कमी पडले, प्रस्ताव बारगळला. त्या दिवशीही बाईंनी नेहमीसारखं वाढलं. "जेवा, गार होईल," एवढंच म्हणाल्या. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे दर नाताळात मी जात राहिलो, पण तो विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि मला काढायची हिंमत झाली नाही.

दफनानंतर हूबर मला बाजूला घेऊन गेले. किती वाकलेत आता! "गाडी दुसऱ्या गावाला गेली होती," ते म्हणाले. "पाऊण तास मी तिचा हात धरून बसलो... त्या सभेत मी तुमच्याकडेच बघत होतो, हेर जोशी. तुम्ही ट्रकचं काढलंत तर काय उत्तर द्यायचं, मला सुचत नव्हतं. तुम्ही उठला असतात ना, तर मीच हात वर केला असता." मग त्यांनी विचारलं, "ती त्या कराबद्दल कधी काही बोलली होती तुमच्याशी?"

म्हातारा, एकटा पडलेला माणूस. मी म्हणालो, "नाही."

आणि आता हे सगळं खरंखरं लिहितोय, तेही मराठीत. त्यांना कधीच वाचता येणार नाही अशा भाषेत.