तलावाला दहा माणसं हवी होती

आमच्या हजेरीवहीत ‘शेरा’ नावाचा एक अरुंद रकाना आहे. त्यात ‘उशीर’ किंवा ‘आजारी’ एवढंच मावतं. पण रविवारी सकाळी तलावावर जे घडतं, ते तेवढ्यात कसं मावणार? म्हणून मी मागची पानं वापरू लागले. आता वही मागूनच आधी भरत आली आहे!

नावेत बसणाऱ्यांना सांभाळणारं हे पथक गोविंदकाकांनी काढलं. काका आमच्या महाल भागातल्या गल्लीतले, आरमारातून रिटायर झालेले. मी फारशी बोलत नाही, म्हणून त्यांनी मला हजेरी लिहायला बसवलं. पथकाच्या दोन्ही नावा सरकारी खात्याच्या. तिथल्या साहेबांनी बजावलं होतं, “गणपती विसर्जनाच्या आधी दहा स्वयंसेवक तयार पाहिजेत. नाहीतर नावा परत!”

तेव्हापासून काका भाजीवाल्यालाही विचारू लागले, “पोहता येते का गा?”

* * *

पहिला आला वासुदेव. खेड्यातून कॉलेजला आलेला, दणकट. “लहानपणापासून पोहतो!” म्हणाला.

काकांनी बुडणारा माणूस म्हणून केळीचा खांब पाण्यात सोडला. वासुदेव सपसप हात मारत खांबाजवळ पोचला आणि त्याच्याभोवती गोल गोल पोहू लागला. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन!

“पकड ना गा! काहून फिरून राहिला?”

“काका, मी विहिरीत शिकलो. सरळ जायची सवयच नाही!”

पोहायला मीही मामाच्या गावच्या विहिरीतच शिकले. पण मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं.

* * *

कवायतीला आलं की झणझणीत रश्श्याचे तर्री-पोहे मिळतात, ही बातमी पसरली आणि एका रविवारी अठरा जण आले. खाऊन झाल्यावर वल्ही धरायला उरले चार.

पुढच्या रविवारी काकांनी पोह्यांचं पातेलं समोरच्या काठावर ठेवलं. “ज्याले खायचं त्यानं वल्हवत यावं!”

सगळे घामाघूम होऊन पोचले, तर आमच्यातलाच रमेश तिथे आधीच दुसरी प्लेट खात बसलेला! रस्त्यानं सायकलवर आला होता.

काकांनी त्याला प्रथमोपचाराची पेटी दिली. “तू रस्त्यानं धावायचं. डॉक्टरले तूच लवकर आणशील.”

* * *

भरती होणं सोपं, टिकणं कठीण. दर रविवारी येणाऱ्या मधुकररावांचं लग्न झालं आणि ते यायचेच बंद झाले.

महिन्याभरानं त्यांच्या पत्नी, सुशीलावहिनी, स्वतः त्यांना घेऊन तलावावर आल्या. “काका, यांले परत घ्या. मी पोळी लाटायले घेतली का हे लांब शिट्टी वाजवते आन् म्हणते, ‘थांब!’”

आमचा नियमच तसा आहे. एक लांब शिट्टी झाली की वल्ही वर, नाव जागेवर. प्रत्येकाला एक शिट्टी मिळते. माझ्याही वहीजवळ एक असते. मी ती कधी वाजवली नव्हती.

* * *

विसर्जनाच्या आधीच्या रविवारी साहेब तपासणीला आले. आमचे नऊच जण झाले होते. काका सकाळपासून पुन्हा पुन्हा माणसं मोजत होते.

साहेब नावेत बसले. काकांनी लाइफ जॅकेट पुढे केलं. ते म्हणाले, “अहो, पाच मिनिटांचं तर काम!”

जॅकेट न घातलेल्या सख्ख्या भावाला काकांनी एकदा पायऱ्यांवरून परत पाठवलं होतं. आज त्यांनी दोन्ही नावांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. वल्ही पाण्यात गेली.

शिट्टी माझ्या तोंडात कशी आली, मला सांगता येणार नाही. लांब वाजली. दोन्ही नावांतल्या सगळ्यांनी सवयीनं वल्ही वर केली.

“कोणी वाजवली?” साहेबांनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी फक्त जॅकेटकडे बोट दाखवलं.

साहेबांनी हात पुढे केला. मग जॅकेट घातलं.

फेरी मारून आल्यावर त्यांनी माणसं मोजली. “नऊ. एक कमी आहे.”

 साहेबांनी माझ्या हातातल्या शिट्टीकडे पाहिलं. “हिला पोहता येतं का?”

हे काकांनाही माहीत नव्हतं.

“येतं,” मी म्हटलं.

“कुठे शिकलीस?”

“विहिरीत.”

नावेतून वासुदेव ओरडला, “काका, झाले दहा! आता आम्ही दोघं गोल गोल फिरून बुडणाऱ्याले दोन्हीकडून घेरू!”